टाईलच्या आधी भिंत



सोयाबीन निघाले, तुरीचा अंदाज आला आणि बाजारातून चार पैसे घरात आले की आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघरी एक बेत हमखास निघतो. यंदा न्हाणी बांधून घ्यायची, आणि तिला टाईलही लावायची. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यात जा, हा बेत बहुधा घरातल्या बायामाणसांचा असतो. त्याला कारणही तसेच आहे. परसात शहाबादी फरशीचे दोन तुकडे, बाजूला तुराट्यांचा कूड आणि वरून साडीचा आडोसा, एवढ्यावर कित्येक आया-बहिणींनी उभा जन्म काढला. दिवस उजाडायच्या आत आंघोळ उरकायची, अंगावरचे लुगडे भिजवूनच अंग धुवायचे, पाहुणे आले की तेवढेही नाही. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत घरगुती संडासासाठी १२,००० रुपये अनुदान ठरले आणि गावोगाव संडास उभे राहिले. न्हाणी मात्र बहुतेकांना आपल्याच पदरच्या पैशाने करावी लागली.

पदरचा पैसा घालून केलेली गोष्ट वीस वर्षे टिकली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? पहिल्या वर्षी टाईल आरशासारखी चमकते. दुसऱ्या पावसाळ्यात न्हाणीच्या मागच्या भिंतीला ओल दिसू लागते. तिसऱ्या वर्षी रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुलतो आणि एखादे दिवशी खालच्या दोन टाईल हातात येतात. मग मिस्त्रीला बोल लावायचा, टाईलच्या दुकानदाराला बोल लावायचा. खरा दोष बहुधा टाईलचा नसतो. तो टाईलच्या मागे असतो. आज आपण त्या मागच्या भिंतीचाच विचार करू.

पाणी जाते कुठून?

गावात ज्याला आपण ‘स्टाईल’ म्हणतो त्या टाईलचा वरचा चकचकीत थर पाणी आत जाऊ देत नाही, हे खरे आहे. म्हणूनच मिस्त्री बेफिकीर असतो. “भाऊ, स्टाईल बसली म्हनजे पानी कुठून जाते?” असे तो हसत विचारतो. त्याला उत्तर द्यावे, सांध्यातून जाते. दोन टाईलच्या मधली रेघ पांढऱ्या सिमेंटने भरलेली असते आणि सिमेंट हे बारीक छिद्रांचे असते. रोज पाच-सात माणसांची आंघोळ, त्यावर कपडे धुणे, असे पाणी त्या रेघांवर पडत राहते. थेंब थेंब आत मुरतो. नळाच्या भोकाभोवती आणि भिंत व फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तर वाट मोकळीच असते.

आत गेलेले पाणी टाईलमुळे पुढून वाळत नाही. ते मागे सरकते. मागे विटा असतील तर त्या ते पितात. मागे माती असेल तर ती फुगते. आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय असते, हे जरा आपल्या घरात जाऊन बघा. पुष्कळ घरी तिथेच धान्याची कोठी असते, नाहीतर पुढच्या हंगामासाठी राखलेली सोयाबीनची पोती भिंतीला टेकून रचलेली असतात. सोयाबीनचे बियाणे फार नाजूक असते. त्यातला ओलावा शेकडा बाराच्या आत राहिला तर ते टिकते. ओलसर भिंतीला टेकलेले पोते उगवणीला दगा देते, आणि आपण दोष देतो पावसाला! ओल आली की वाळवीही येते, कारण तिला ओलसर, अंधारी वाट हवीच असते. विजेची तार त्याच भिंतीतून गेली असेल तर धोका जिवाशी असतो. थोडक्यात, न्हाणीच्या भिंतीचा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. तो बियाण्याचा, घराच्या आयुष्याचा आणि घरातल्या माणसांचा आहे.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की धरावी. टाईल ही अंगावरची चादर आहे. पाणी अडवायचे काम तिच्या मागच्या थराचे आहे. तो थर टाईलच्या आधीच झाला पाहिजे, कारण टाईल बसल्यावर तो करता येत नाही.

आधी आपली भिंत ओळखा

सगळ्या भिंतींना एकच उपाय लागू पडत नाही. आपल्या भागात चार तऱ्हेच्या भिंती दिसतात.

पहिली, जुन्या धाब्याच्या घराची पांढऱ्या मातीची जाड भिंत. दुसरी, भाजक्या विटा पण मातीत रचलेल्या. बाहेरून सिमेंटचा गिलावा असल्याने ती पक्की भासते. तिसरी, विटा आणि सिमेंट-रेतीची खरी पक्की भिंत. चौथी, टिनाच्या पत्र्यांची किंवा लाकडी सांगाड्याची.

दुसरी आणि तिसरी यांत फसगत होते. ओळखायची युक्ती सोपी आहे. कोपऱ्यात गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा काढावा आणि दोन विटांमधल्या सांध्यात खिळा टोचून पाहावा. खिळा हाताच्या जोराने आत शिरला आणि माती भुरभुरली, तर विटा मातीत आहेत असे समजावे. एवढी खात्री केल्याशिवाय टाईलचा एक डबाही घरी आणू नये.

पक्क्या विटांची भिंत असेल तर

या भिंतीला बोर्डाची किंवा वेगळ्या सांगाड्याची गरज नाही. चांगला गिलावा आणि त्यावर पाणीरोधक लेप, एवढे पुरे. पण क्रम चुकवू नये.

नळाचे काम आधी पुरे करावे. पाईप भिंतीत बसवून, तोंडे बंद करून, पाण्याने भरून रात्रभर ठेवावेत. गिलाव्याखाली गाडलेला गळका सांधा पुढे सगळी न्हाणी फोडायला लावतो. गरम पाण्याला चालणारा पाईप वेगळा असतो, तो दुकानात मागून घ्यावा.

मग विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडावेत, धूळ झाडावी आणि भिंत पाण्याने भिजवावी. जुना गिलावा ठेवायचा असेल तर तो ठोकून पाहावा. पोकळ आवाज येईल तेवढा काढावा, बाकीच्यावर छिन्नीने टाचे मारून तो खडबडीत करावा. रंगावर किंवा चुन्याच्या सफेदीवर सिमेंट धरत नाही.

गिलाव्याला एक भाग सिमेंट आणि चार भाग रेती असे माप धरावे. सिमेंट ताजे, तीन महिन्यांच्या आतले असावे. रेती पैनगंगेची असो की यंत्रावरची, तिच्यात माती किती आहे ते पाहावे. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या बाराव्या हिश्शाहून जास्त दिसला तर रेती धुऊन घ्यावी. सिमेंटमध्ये मिसळायचे पाणीरोधक औषध मिळते. त्याच्या डब्यावर ‘आय. एस. २६४५’ हा शिक्का पाहावा आणि प्रत्येक पोत्याला लिहिले असेल तेवढेच माप घालावे. जास्त घातल्याने जास्त गुण येतो, असे शेतातल्या औषधाचे नाही तसे याचेही नाही.

गिलावा घोटून गुळगुळीत करू नये. टाईलला धरायला तो खरखरीतच हवा. ओळंब्यात आणि गुण्यात मात्र असावा. निदान सात दिवस, ऊन असेल तर दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. गोणपाट ओले करून लटकवले तर पाणीही कमी लागते.

हे नवे शास्त्र आहे असे नाही. सिमेंट येण्याच्या आधीचे गवंडी चुन्यात भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून हौद आणि बारवा पाणीबंद करीत. पाणी दगडाने नव्हे तर आतल्या थराने अडते, हे त्यांना ठाऊक होते.

मातीची भिंत असेल तर

येथे सर्वांत जास्त नुकसान होते. मातीच्या भिंतीवर जाळी ठोकून थेट सिमेंटचा गिलावा मारायचा आणि त्यावर टाईल चिकटवायची, ही पद्धत गावोगाव दिसते. ती करू नये.

कारण समजून घ्या. मातीची भिंत श्वास घेते. जमिनीतून वर चढलेली ओल ती दोन्ही अंगांनी वाळवत असते. एका अंगाला सिमेंट आणि टाईलचे चिलखत चढवले की त्या अंगाने वाळणे बंद होते. ओल आत कोंडते. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंट तसे करीत नाही. दोघांची फारकत होते आणि टाईलसकट गिलाव्याची मोठी पपडी सुटून येते. भिंतीचा पाया भिजत राहिला तर भर पावसाळ्यात भिंत बसण्याची भीती असते. ज्या भिंतीवर धाब्याचे वजन आहे तिच्याशी असा खेळ करणे बरे नव्हे.

सर्वांत उत्तम हेच की न्हाणी मातीच्या घराला चिकटवूच नये, परसात वेगळी बांधावी. जागाच नसेल तर दोन मार्ग आहेत. दोन्हींचे तत्त्व एकच. मातीच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिच्यापुढे दोन इंच मोकळी जागा सोडून दुसरी, पाण्याला न भिणारी भिंत उभी करायची.

पहिला मार्ग चार इंची विटांच्या भिंतीचा. खाली काँक्रीटचा पट्टा घालून त्यावर विटा रचाव्यात, कोपरे एकमेकांत गुंतवावेत आणि दर तीन-चार फुटांवर दोन बारीक गजांची काँक्रीटची पट्टी द्यावी. त्यावर वर सांगितल्याप्रमाणे गिलावा करावा. हे काम आपल्या मिस्त्रीला सवयीचे आहे. अडचण एकच, जागा जाते. गिलावा आणि मोकळी जागा धरून प्रत्येक बाजूला सात-आठ इंच कमी होतात. चार फूट रुंदीच्या न्हाणीत दोन्हीकडून असे झाले तर बादली ठेवून बसायला जागा उरत नाही.

दुसरा मार्ग सिमेंटच्या बोर्डाचा. त्यात बाजूला साडेचार-पाच इंचच जातात. टिनाच्या किंवा लाकडी न्हाणीला तर हाच एक मार्ग आहे.

सिमेंटचा बोर्ड म्हणजे काय?

अमेरिका, कॅनडा अशा देशांत घरांच्या भिंती पुष्कळदा लाकडी सांगाड्याच्या असतात. तिथे आतून कागद चढवलेला जिप्समचा बोर्ड ठोकतात. न्हाणीत त्यावर टाईल लावल्या की सांध्यातून गेलेल्या पाण्याने तो बोर्ड मऊ पडे, कागद कुजे आणि टाईल गळून पडत. त्यावर उपाय म्हणून टाईलच्या मागे सिमेंटचा बोर्ड वापरू लागले. आपल्याकडे विटांच्या भिंती असल्याने त्याची गरज फारशी पडली नाही. पण टिनाच्या खोल्या आणि मातीच्या भिंती जिथे आहेत तिथे तो आपल्याही कामाचा आहे. सिमेंट आणि तंतू दाबून केलेला हा सपाट बोर्ड आठ फूट लांब व चार फूट रुंद मिळतो. वाशीम-अकोल्यासारख्या शहरांत छताचे आणि पार्टिशनचे सामान विकणाऱ्या दुकानांत तो विचारावा.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जाडी आठ मिलिमीटरपेक्षा कमी नको. ‘आय. एस. १४८६२’ हा शिक्का असावा. बोर्ड ॲस्बेस्टॉसविरहित आहे ना, हे विचारून घ्यावे. प्लायवूड, पीओपी किंवा जिप्सम बोर्ड स्वस्त मिळतो म्हणून न्हाणीत लावू नये. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापून तर मुळीच लावू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. हा बोर्ड पाण्याने कुजत नाही, फुगत नाही, पण पाणी अडवतही नाही. विटेसारखाच तो पाणी पितो आणि पलीकडे झिरपू देतो. म्हणून बोर्ड लावला तरी त्यावर लेप हा हवाच.

बोर्ड बसवण्याची रीत

सांगाडा गंज न धरणाऱ्या जस्ती पत्र्याच्या चॅनेलचा किंवा जस्ती चौकोनी पाईपचा करावा. लाकूड वापरू नये, वाळवी सोडणार नाही. सांगाडा खाली काँक्रीटला आणि वर तुळईला किंवा आडव्या पाईपला पक्का करावा, मातीच्या भिंतीत खिळे ठोकून टांगू नये. उभ्या पट्ट्या दर सोळा इंचांवर घ्याव्यात. टाईलचे वजन त्यांच्यावर येणार आहे. नळ, खुंटी आणि फळी जिथे येणार तिथे आडवी पट्टी आधीच द्यावी.

आठ मिलिमीटरच्या एका बोर्डाचे वजन तीसेक किलो भरते, म्हणून दोघांनी उचलावा. कापताना पाणी शिंपडावे आणि नाका-तोंडाला घट्ट मुसके बांधावे. बारीक पांढरी धूळ छातीत जाऊ देऊ नये. लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

बोर्ड फरशीला टेकवू नये. खाली पाव ते अर्धा इंच फट सोडावी, नाहीतर तो दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढतो. दोन बोर्डांमध्येही पैशाच्या नाण्याएवढी, दोन-तीन मिलिमीटर, फट ठेवावी. न गंजणारे स्क्रू दर आठ इंचांवर मारावेत. स्क्रूचे डोके बोर्डाच्या पातळीत बसले पाहिजे, वर राहता कामा नये आणि बोर्ड फोडून आतही जाता कामा नये. कडेपासून अर्धा इंच आत राहावे. बोर्डाची एक बाजू खरखरीत असेल तर ती टाईलकडे घ्यावी.

सगळे सांधे आणि कोपरे टाईल चिकटवायच्या गोंदाने भरावेत आणि ओल्यावरच सिमेंटला टिकणारी काचतंतूची जाळीपट्टी त्यात दाबावी. ही पट्टी विसरली तर टाईलच्या रेघेवर बरोबर बोर्डाच्या सांध्याचीच भेग उमटते.

मागच्या मोकळ्या जागेचे वरचे तोंड बंद करू नये, बारीक जाळी लावावी. वारा खेळतो आणि उंदीर शिरत नाही.

काळीवरचे घर

आपल्या पूर्वजांनी गाव वसवले ते पांढरीवर आणि पीक घेतले ते काळीत. त्यात शहाणपण होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. आता गावठाण भरले, नवी घरे काळीत जाऊ लागली. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंत दरवर्षी हलते. भिंत हलली की टाईलच्या रेघा तडकतात आणि पाण्याला वाट होते.

अशा घरात टाईल लावण्याची घाई करू नये. नव्या भिंतीला एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. भेग पडली तर ती खरवडून, भरून, वर जाळी बसवून मगच पुढे जावे. आणि न्हाणीचे सांडपाणी पायाजवळ मुरू देऊ नये. काळीत शोषखड्डा लवकर तुंबतो, कारण ती माती पाणी सावकाश पिते. पाणी पाईपने भिंतीपासून निदान दहा फूट दूर नेऊन परसातल्या केळीला, अळूला द्यावे. न्हाणीच्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, ज्याला नळवाले देशभर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो बसवायला विसरू नये. त्याने वास आणि झुरळे वर येत नाहीत.

लेप आणि चाचणी

गिलावा असो की बोर्ड, त्यावर सिमेंट आणि रबरासारखे चिकट द्रव्य मिसळून करायचा लवचीक पाणीरोधक लेप द्यावा. पूड आणि द्रव अशा दोन भागांत तो मिळतो. प्रथम भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार करून घ्यावा. मिस्त्री त्याला ‘वाटा’ म्हणतात. काटकोनात लेप तुटतो, गोलाईवर टिकतो. पृष्ठभाग ओलसर करावा, पण पाणी साचू देऊ नये. पहिला हात उभा, दुसरा आडवा मारावा. दोन हातांत किती वेळ जाऊ द्यायचा ते डब्यावर लिहिलेले असते. जिथे अंगावर पाणी घेतो तिथे सहा फुटांपर्यंत, बाकी भिंतींना निदान एक फूट, आणि सगळ्या फरशीला लेप हवा. पाईपच्या भोकाभोवती बोट फिरवून तो भरावा.

फरशीला उतार पाच फुटांना एक इंच असावा. लेप सुकल्यावर ट्रॅपचे तोंड बोळा घालून बंद करावे, उंबऱ्याला आडवी वीट-माती लावावी आणि दोन इंच पाणी साठवावे. खडूने पातळीची खूण करावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. नखभर पाणी वाऱ्याने उडते. त्याहून जास्त खाली गेले किंवा पलीकडच्या खोलीत ओल दिसली, तर वाट शोधून पुन्हा लेप द्यावा. ही एका दिवसाची चाचणी मिस्त्री स्वतःहून करीत नाही, कारण त्याचा एक दिवस जातो. घरधन्याने ती करवून घ्यावी.

मग टाईल

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाईल पाणी पितात. सिमेंटात बसवायच्या असतील तर त्या पाण्यात भिजवून, निथळवून घ्याव्यात. फरशीच्या व्हिट्रिफाईड टाईल जवळजवळ पाणी पीत नाहीत, म्हणून नुसत्या सिमेंटला त्या नीट धरत नाहीत. त्यांना, आणि बोर्डावरच्या किंवा लेपावरच्या कोणत्याही टाईलला, ‘आय. एस. १५४७७’ शिक्क्याचा टाईलचा गोंद वापरावा आणि कंपनी सांगेल तसा वापरावा. गोंद दातेरी पट्टीने सर्व भिंतीवर पसरावा. टाईलच्या पाठीवर पाच ठिकाणी गोळे ठेवून ती दाबायची रीत सोडून द्यावी. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते आणि पाणी तिथेच साठते. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाईल नाण्याने ठोकावी. पोकळ वाजली तर तेव्हाच काढून पुन्हा लावावी.

दोन टाईलमध्ये दोन-तीन मिलिमीटर रेघ ठेवावी. टाईल टाईलला चिकटवली तर रेघेत काहीच भरता येत नाही. सांधे भरायला पांढऱ्या सिमेंटपेक्षा त्यासाठी मिळणारा मसाला बरा. भिंत-फरशीचा कोपरा आणि नळाचे भोक लवचीक सिलिकॉनने भरावे. बोअरच्या जड पाण्याने टाईलवर पांढरे डाग पडतात. ते काढायला ॲसिड ओतू नये, ते आधी सांधे खाते. आंघोळीनंतर फडके फिरवावे, डाग पडतच नाहीत.

पाणी तापवायचे यंत्र असेल तर त्याचे बटण न्हाणीबाहेर ठेवावे, अर्थिंग करून घ्यावे आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे ‘आरसीसीबी’ बसवावे.

साधा हिशेब

पाच फूट लांब आणि चार फूट रुंद न्हाणी धरू. चारी भिंतींची लांबी १८ फूट, टाईलची उंची ६ फूट, म्हणजे १०८ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे १५ वजा केले की ९३ चौरस फूट भिंत उरते. एक फूट बाय दीड फुटाच्या टाईल ६२ लागतात. फूटतूट धरून ६८ घ्याव्यात आणि उरलेल्या चार-पाच जपून ठेवाव्यात, पुढे तसाच रंग मिळत नाही. गिलाव्याला सव्वा ते दीड पोते सिमेंट लागते. बोर्ड लावायचा असेल तर ३२ चौरस फुटांचे चार बोर्ड आणावेत. लेप फरशी धरून ११५ चौरस फुटांना पुरेल एवढा आणावा.

पैसा कमी पडत असेल तर कात्री कुठे लावायची? टाईलच्या उंचीला आणि नक्षीला लावावी. सहा फुटांऐवजी चार फूट टाईल लावा, साधी पांढरी घ्या. लेप आणि गिलावा यांत मात्र काटकसर करू नका. दोन वर्षांनी पैसे आले तर टाईल वर चढवता येते. मागचा थर नंतर घालता येत नाही.

केव्हा करावे?

दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. पावसाळ्यात भिजलेल्या भिंती तोवर वाळलेल्या असतात, विहिरीला पाणी असते आणि ऊन कडक नसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, गिलावा पाणी मारण्याआधीच सुकतो आणि प्यायच्या पाण्याचीही ओढ असते. पावसाळ्यात तर भिंतच ओली असते आणि ओलीवर टाईल म्हणजे ओल कोंडणेच होय.

काम ठरवताना मिस्त्रीला आधीच सांगावे, “मिस्त्रीभाऊ, टाईलच्या आधी तीन दिवस जास्त लागले तरी चालतील. पाणी साठवून दाखवा, मगच टाईल लावा.” मजुरीही तशीच ठरवावी. चौरस फुटाच्या हिशेबाने ठरवली तर तो टाईल उरकायच्या मागे लागतो, मागच्या कामाचे पैसे त्याला वेगळे धरून द्यावेत. आणि देखरेख घरातल्या बाईकडे द्यावी. न्हाणीत पाणी कुठे उडते, बादली कुठे असते, कपडे कुठे आपटतात, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

बी पेरण्याआधी आपण जमीन नांगरतो, वखरतो, ढेकळे फोडतो. त्या मेहनतीचे कौतुक कुणी करीत नाही, पण पीक तिच्यावर उभे असते. न्हाणीच्या भिंतीचेही तसेच आहे. आधी भिंत तयार करा, मग हौसेने टाईल लावा.